ज्येष्ठांचा आराखडा आणि लेखाशीर्षाचा प्रश्न

आमच्या पालिकेने ज्येष्ठ नागरिकांसाठी पाच वर्षांचा आराखडा करायचे ठरवले, तेव्हा त्या समितीत नागरिकांच्या बाजूने ज्या काही सदस्यांना घेण्यात आले, त्यांत मी होते. नोकरीची सगळी वर्षे हिशेब तपासण्यात गेल्यामुळे अंदाजपत्रक वाचता येते, एवढीच माझी पात्रता होती. पुढे तीच सर्वांत जास्त उपयोगी पडली.

पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा एक प्रस्ताव तयारच होता. एक मोठे, प्रशस्त विरंगुळा केंद्र बांधावे, आणि आराखड्यातील बाकीच्या गोष्टी त्याभोवती गुंफाव्यात. असा प्रस्ताव का आवडतो हे समजण्यासारखे आहे. इमारत दिसते, ती एकाच विभागाकडे असते, तिची एकच निविदा निघते आणि तिचे उद्घाटन करता येते. माझा केंद्राला विरोध नव्हता. परंतु तिथपर्यंत पोहोचू शकणाऱ्या ज्येष्ठांची गरज मुळात तुलनेने कमी असते, हे कुणीतरी बोलून दाखवणे आवश्यक होते.

चर्चेला आधार म्हणून आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची 2007 सालची वयस्नेही, म्हणजे ज्येष्ठांना सोयीच्या शहरांविषयीची मार्गदर्शिका घेतली. तिच्यात आठ विषय आहेत: मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घरे, सामाजिक सहभाग, आदर व समावेश, नागरी सहभाग व रोजगार, माहिती व संवाद, आणि शेवटी आरोग्य व आधारसेवा. ज्येष्ठांचा आराखडा म्हणजे दवाखाना आणि औषधे, अशी समजूत असलेल्या सदस्यांना हा क्रमच नवा होता. ही मार्गदर्शिका निरनिराळ्या देशांतील 33 शहरांमधल्या ज्येष्ठांशी बोलून तयार झाली. त्या वेळी 60 ते 74 आणि 75 च्या पुढचे असे वेगळे गट केले होते, शिवाय काळजी घेणाऱ्यांचेही स्वतंत्र गट होते. ही शेवटची बाब मला फार शहाणपणाची वाटली, कारण जे ज्येष्ठ बैठकीला येऊच शकत नाहीत, त्यांच्या वतीने बोलू शकणारी माणसे बहुधा तीच असतात.

आमच्या सर्वेक्षणात नेमकी हीच उणीव निघाली. प्रश्नावल्या ज्येष्ठांच्या संघटनांमध्ये, बागांमध्ये आणि वाचनालयांत भरून घेतल्या गेल्या, आणि उत्तरे वाचली तर सारे काही बऱ्यापैकी ठीक चालले आहे असे वाटावे. पायऱ्या उतरून खाली येऊ न शकणारा एकही माणूस त्या कागदांत नव्हता. घरी जाऊन विचारावे, असा आग्रह आम्ही काही जणांनी धरला. एवढे मनुष्यबळ कुठून आणायचे, हा अपेक्षित प्रश्न आला, तेव्हा डेन्मार्कचे उदाहरण पुढे ठेवले. तेथे 1998 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना प्रतिबंधात्मक गृहभेट देऊ करणे हे कायद्याने पालिकांचे काम ठरले. आमच्याकडे तसे काही लगेच होणार नव्हते, पण आरोग्य विभागाचे कर्मचारी अन्य कामांसाठी घरोघरी जातच होते. त्यांच्या भेटीत चार प्रश्न वाढवून घेतले.

त्या भेटींतून जे समोर आले, ते बागेतल्या प्रश्नावलीत कधीच आले नसते. बाहेर पडायचे असेल त्या दिवशी अनेक जण सकाळपासून पाणीच पीत नव्हते, कारण वाटेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नव्हते. पालिकेच्या सेवा ऑनलाइन झाल्या होत्या खऱ्या, पण ओटीपी मुलाच्या फोनवर जायचा आणि मुलगा कामावर असायचा. एका वृद्ध बाईंनी तर मला उलट विचारले, की खिडकी बंद करून ॲप सुरू केले, याला सोय कुणाची म्हणायचे? तो प्रश्न मी जसाच्या तसा इतिवृत्तात नोंदवायला लावला.

त्यानंतर रस्त्यांची पाहणी झाली. सिग्नलची वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो, असे गृहीत धरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्या हिशेबाने 12 मीटरचा रस्ता ओलांडायला 10 सेकंद पुरतात. पण काठी घेऊन सेकंदाला 0.8 मीटरच चालणाऱ्या माणसाला 15 सेकंद लागतात, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा तो अजून रस्त्यातच असतो. उताराचेही तसेच. 1:12 या प्रचलित प्रमाणानुसार 15 सेंटिमीटर उंचीसाठी 180 सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. एका कार्यालयात उतार होता, अहवालात त्यापुढे बरोबरची खूणही होती, मात्र तो इतका उभा होता की चाकांची खुर्ची वर न्यायला दोन माणसे लागली. बाके होती, पण त्यांना हात नव्हते. गुडघे दुखणाऱ्याला अशा बाकावर बसता येते, उठता येत नाही.

खरी अडचण यानंतर सुरू झाली. आराखडा समाजकल्याण विभागाच्या नावाने निघणार होता आणि त्या विभागाचा रस्त्यांवर, बसवर किंवा स्वच्छतागृहांवर काडीचाही अधिकार नव्हता. बागेतले बाक उद्यान विभागाचे, पदपथावरचे रस्ते विभागाचे, थांब्यावरचे परिवहनाचे. प्रत्येक अधिकारी सौजन्याने बोलत असे आणि आपल्याकडे त्यासाठी लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाचे स्वतंत्र खाते, नाही असे सांगत असे. ज्या कामाला लेखाशीर्ष नाही, ते अंदाजपत्रकात येत नाही आणि जे अंदाजपत्रकात येत नाही ते होत नाही, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले होते. म्हणून मसुद्यातील प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने असावेत, असे सुचवले: काम कोण करणार, कोणत्या लेखाशीर्षातून आणि कधीपर्यंत. रकाना रिकामा असेल तर तेथे ‘अनिर्णित’ असे स्पष्ट लिहायचे. ‘प्रयत्न करण्यात येतील’ ही शब्दरचना त्यामुळे मसुद्यातून जवळजवळ नाहीशी झाली, आणि काही अधिकाऱ्यांची नाराजीही ओढवली. जपानचा दाखला येथे कामी आला. तेथे पालिका दर तीन वर्षांनी दीर्घकालीन काळजीची योजना नव्याने करतात आणि 65 वर्षांवरील रहिवाशांच्या विमा हप्त्याची रक्कमही त्याच योजनेवरून ठरते, त्यामुळे योजना एका फाइलीत आणि पैसा दुसऱ्या फाइलीत, असे सहसा होत नाही.

रस्ते विभागाने शेवटी होकार दिला तो वेगळ्याच कारणाने. नवा खर्च मागण्याऐवजी, रस्त्याचे डांबरीकरण व्हायचेच आहे तेव्हाच पदपथाची कड उतरती करावी, असे आम्ही मांडले. नियमित कामात बसवलेली सुधारणा अडवायला कुणाकडेच सबळ कारण उरत नाही.

सभागृहात आराखडा मंजूर झाला, अर्थात काटछाट होऊन. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी दिवसभराच्या काळजीची सोय पुढे ढकलली गेली, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. मोठ्या केंद्राऐवजी अस्तित्वात असलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर लहान केंद्रे करण्याचे ठरले. सिग्नलच्या वेळा मात्र लगेच बदलल्या, कारण त्याला निविदा लागत नव्हती. डेन्मार्कमध्ये 1997 पासून प्रत्येक पालिकेत ज्येष्ठांची निवडून आलेली परिषद असणे बंधनकारक आहे; आम्हाला दर तीन महिन्यांनी आढावा घेणारी सल्लागार समिती मिळाली, जिचा सल्ला ऐकण्याचे बंधन कुणावरही नाही. पहिल्या आढाव्यात स्वच्छतागृहांपुढच्या ‘कधीपर्यंत’च्या रकान्यातील तारीख बदललेली आढळली. कारण लेखी द्यावे, असे आम्ही कळवले आहे आणि पुढच्या अंदाजपत्रकाचे काम सुरू होण्यापूर्वी ते मिळावे यासाठी पाठपुरावा चालू आहे.