आधी म्हटलेलं पुन्हा नाही

शाळेने तुम्हाला काय दिलं ते लिहा, असं शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका-मंडळाचं पत्र आलं. मी १९७६ च्या एस.एस.सी.ची. पाचवीपासून बोर्डिंगात होते. शाळेने मला गणित दिलं, इंग्रजी दिलं, पुढे त्याच जोरावर नर्सिंगला जाता आलं, हे सगळं खरं. पण देवाचे उपकार कसे मानायचे, हे मी इथे शिकले. आयुष्यात दोनदा माझं बळ पार संपलं. दोन्ही वेळा प्रभूने मला धरून ठेवलं ते बोर्डिंगातल्या त्या शिकवणुकीच्या दोरीने. म्हणून हे मनोगत म्हणजे माझी साक्षच आहे.

स्वयंपाकघराला लागून असलेली ती लांबट खोली माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. जमिनीवर तरट, कोपऱ्यात पेटी आणि ढोलकी, भिंतीला पाठ लावून बसलेल्या आमच्या बोर्डिंगच्या बाई. जेवणाआधी रोज संध्याकाळची प्रार्थना. आधी एक गायन, मग वचन, आणि मग उपकारस्तुती. प्रत्येक मुलीने एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. सगळ्या मुली ख्रिस्ती नव्हत्या. जिला डोळे मिटावेसे वाटत ती मिटे, जिला नको ती नुसती बसे. पण आभार मात्र सगळ्यांनी मानायचे, आणि बाईंचा नियम एकच होता : आधी कुणी म्हटलेलं पुन्हा म्हणायचं नाही.

आम्ही साठेक मुली होतो. धाकट्या पुढे बसत, थोरल्या मागे. आईवडील, अन्न, वस्त्र, शाळा, आरोग्य हे सगळं पहिल्या दोन रांगांतच संपून जाई. मागच्या मुलींना दिवसभर शोधावं लागे. दुपारी तास चालू असतानाही मनात एक डोळा उघडा असायचा, संध्याकाळी काय सांगू? कुणी सांगे, आज पायात काटा मोडला तो अख्खा निघाला. कुणी सांगे, भांडण झालेली मैत्रीण आपण होऊन बोलली. मी सातवीत गेले, मागच्या रांगेत गेले, आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. आमच्यापुरता तो असा होता : अंघोळीला दोन तांबे पाणी, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने भरलेली घागर आणि ताटात लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती फुगत नसे, दुमडायला गेलं की तुटे. आमच्यापैकी बहुतेकींचे आईवडील खडी फोडायला जात होते. माझे अण्णा आणि आई दोघंही. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईने डोक्यावरून हात फिरवला, तर तिच्या तळव्याच्या भेगांत माझे केस अडकले. कामावर मिळालेल्या सुकडीतली थोडी तिने माझ्यासाठी फडक्यात बांधून ठेवली होती.

त्या वर्षी नोव्हेंबरात अण्णांचं कार्ड आलं. बैल विकले होते. दोन ओळी होत्या, तिसऱ्या ओळीत अभ्यास कर म्हणून लिहिलं होतं. त्या संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "बाई, मला आज काही सापडलं नाही."

खोलीत एकदम सामसूम झाली. बाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मला जवळ बोलावलं. "बरं, आज तू गप्प बस. तुझ्या वाटचं आम्ही म्हणतो." मग त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं, अगदी शेवटपर्यंत. ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे, त्या स्तोत्राच्या शेवटी उजाडत नाही. अंधारातच संपतं ते. बाई म्हणाल्या, "दीडशे स्तोत्रं आहेत, पोरींनो. त्यांत आनंदाने नाचणारी आहेत तशी रडणारी पुष्कळ आहेत, देवाला जाब विचारणारीही आहेत. आणि हे सगळं एकत्र बांधलेल्या पुस्तकाला आपण स्तोत्रं म्हणतो, स्तुतीची गाणी म्हणतो. हिचं आजचं गप्प बसणंही त्यातच धरा."

मग त्यांनी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. दुष्काळाचा विषय निघाला की त्या ती सांगतच. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने गेले. जी मुलगी स्वतः त्या उपासातून वाचली, तीच पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून, उपाशी मुलीबाया गोळा करून केडगावला घेऊन आली. त्या जागेला तिने नाव दिलं मुक्ती. बाईंचा आवाज इथे नेहमी बारीक होई. "मुक्ती म्हणजे नुसतं आपण सुटलो असं नाही," एवढंच म्हणून त्या थांबत. पुढे नर्सिंगच्या शिक्षणासाठी मिरजेला जाताना दौंडहून गाडी पुण्याकडे निघाली की केडगाव येई. तिथे मी दर खेपेला खिडकीशी सरकून बसायची.

पवित्र शास्त्रातला बाईंचा सगळ्यात आवडता भाग मात्र प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळावा. फिलिप्पैचा तुरुंग. येशूची सुवार्ता सांगणाऱ्या पौल आणि सीला यांना छड्या मारून आतल्या कोठडीत टाकलेलं, पाय खोड्यात. मध्यरात्री ते प्रार्थना करताहेत, देवाची स्तुती गाताहेत आणि इतर बंदिवान ऐकताहेत. एकाएकी मोठा भूमिकंप होतो, दरवाजे उघडतात, सगळ्यांच्या बेड्या गळून पडतात. इथवर आलं की बाई पुस्तक मिटत आणि विचारत, "दारं उघडी, बेड्या गळालेल्या. मग पळाले का नाहीत?"

आम्ही काहीबाही उत्तरं द्यायचो. जखमा होत्या म्हणून. अंधार होता म्हणून. बाई मान हलवत, "शोधा," म्हणत आणि जेवणाची घंटा वाजवायला सांगत. दहावी होऊन मी शाळा सोडली तरी त्यांनी उत्तर सांगितलं नव्हतं.

आता पुढचं सांगते, ते मी कुठल्याही उपासनेत आजवर नीट सांगू शकलेले नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशी आदल्याच दिवशी झालेली, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. मी तेव्हा सोलापूरला एका दवाखान्यात स्टाफ नर्स होते. सोलापुरात हादरा आम्हालाही बसला. दुसऱ्या दिवशी आमची तुकडी उमरग्याकडे निघाली. त्या भागातली घरं जाड दगडमातीच्या भिंतींची आणि वर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. तीच घरं झोपलेल्या माणसांवर बसली. फिलिप्पैच्या भूमिकंपाने दारं उघडली होती. इथे दाराच्या चौकटी मातीत गाडल्या गेल्या होत्या. मला बाईंची गोष्ट आठवली आणि खरं सांगते, मला देवाचा राग आला. पहिले दोन दिवस मी प्रार्थना केली नाही. हात चालू होते, टाके घालत होते, सलाईन लावत होते, पण आत काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस होता. जमीन अधूनमधून हलतच होती. माझी मुलगी चार वर्षांची, सोलापूरला सासूबाईंजवळ. संध्याकाळी एक जीप सोलापूरला जाणार होती आणि तुम्ही दमला आहात, चला, असं सगळेच म्हणत होते. मी पिशवी घेऊन जीपमध्ये बसलेसुद्धा. तेवढ्यात तंबूच्या दाराशी ठेवलेल्या एका आजीने हाक मारली, "बाई, माझा पाय तेवढा धुऊन जा." तिच्या पिंढरीला खोल जखम होती, मातीने भरलेली. घरातलं कोण कोण गेलं ते ती सांगत नव्हती. फक्त पाय धुऊन जा म्हणत होती.

मी उतरले. परातीत पाणी घेतलं, जखम धुवायला बसले, आणि धुता धुता सोळाव्या अध्यायातलं पुढचं ओघानेच आठवलं. दारं उघडी बघून तुरुंगाचा अधिकारी, कैदी पळाले असं समजून, तलवार उपसून जीव द्यायला निघतो. पौल अंधारातून ओरडतो, स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. आणि मग तो अधिकारी रात्रीच्या त्याच घटकेला त्यांच्या जखमा धुतो. पळाले का नाहीत, बाई? कारण अंधारात एक माणूस मरायला निघाला होता. परात हातात धरून मी मोठ्याने रडले. आजीच मला म्हणाली, "रडू नगं माय."

जीप गेली. मी आणखी नऊ दिवस राहिले. त्या रात्रीपासून पुन्हा संध्याकाळची उपकारस्तुती सुरू केली, एकटीने, मनातल्या मनात, नियम पाळून. आज मळ निघाला. आज गॉज पुरलं. आज एक बाळ दूध प्यालं. बळ मिळालं ते हौदभर नाही मिळालं, तांब्यातांब्याने मिळालं, त्या दिवसाच्या कामापुरतं. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, तोही असाच त्या दिवसापुरताच मिळे. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. मी आधी नेहमी उद्याचं बळ आज मागायची. ते मिळत नाही म्हणून देवावर रुसायची. किल्लारीने ती खोड घालवली. तिथे इतकी माणसं का मेली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते कुणी देऊ लागलं तर मी तिथून उठून जाते. पण त्या तंबूत प्रभू होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

दुसरी वेळ २०२१ च्या एप्रिलची, कोरोनातली. मिस्टर आणि मी एकाच दिवशी ॲडमिट झालो, वेगवेगळ्या वॉर्डांत. माझी सॅच्युरेशन ८४ वर आली होती. नर्स असल्यामुळे समोरचे आकडे मला वाचता येत होते, आणि त्या दिवसांत ते न येणाऱ्यांचा मला हेवा वाटे. पालथं झोपून दिवस काढायचे. श्वास मोजायचे. बोलायला दम नव्हता. आमच्या ७६ च्या बॅचच्या मैत्रिणींनी व्हॉट्सॲपवर संध्याकाळी सात वाजता उपकारस्तुती सुरू केली होती. कुणी अंबाजोगाईला, कुणी नाशिकला, एक तर नातवंडांसाठी दुबईला. प्रत्येकीने एक ओळ लिहायची, आणि नियम तोच. मी फक्त वाचायची. सहाव्या दिवशी मी दोन शब्द टाइप केले : पाणी गिळलं. त्यावर सतरा जणींनी हालेलूया लिहिलं. हालेलूया म्हणजे परमेश्वराची स्तुती करा. हा शब्द आपण किती सवयीने म्हणतो! त्या रात्री मी तो अक्षर अक्षर वाचत पडले होते.

मी अकराव्या दिवशी ऑक्सिजनवरून निघाले. मिस्टर नवव्या दिवशीच गेले होते. मला ते घरी आल्यावर सांगितलं.

त्यानंतर पाच महिने मी सात वाजता ग्रुप उघडत नसे. पाळक आले, प्रार्थना करून गेले, चांगलेच बोलले. पण मी वाचले आणि ते नाही, यात मी कसली उपकारस्तुती करू? मैत्रिणींनी मला एकदाही बोल लावला नाही. रोज शेवटी कुणीतरी लिहायचं, हिच्या वाटचं आम्ही म्हणतो. ते वाक्य त्यांनाही बाईंच्याच तोंडचं आठवलं असणार. माझ्यासाठी ते पाच महिने अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र होतं. ते पुस्तकात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही, याचा मला किती आधार झाला ते सांगता येत नाही.

सप्टेंबरात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मिस्टरांच्या वॉर्डातला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होता, तरुण मुलगा. किती दिवस फोन करू की नको करत होता म्हणे. म्हणाला, "काकू, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. शेवटच्या रात्री काकांनी दाढी करून मागितली. मास्क काढता येत नव्हता, पण जेवढी जमली तेवढी मी केली. गरम पाण्याने तोंड पुसलं. ते मला म्हणाले, माझी बायको नर्स आहे, तिला सांग."

पीपीई किटमध्ये घामाने भिजलेला तो मुलगा, वॉर्डात इतके पेशंट, आणि रात्री त्याच घटकेला त्याने माझ्या माणसाचं तोंड पुसलं. मी तासभर तशीच बसून राहिले. मग गुडघे टेकले.

गेल्या डिसेंबरात महोत्सवाच्या पहिल्या बैठकीसाठी शाळेत आले होते. बैठक लांबली, मुक्काम बोर्डिंगातच केला. ती खोली आता टाइल्सची झाली आहे, पेटीच्या जागी कीबोर्ड आहे. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. आताच्या वॉर्डन मॅडम आमच्या शाळेच्याच, नव्वद सालच्या आसपासच्या. मुली रांगेने बसल्या, गायन झालं, वचन झालं, आणि पुढच्या रांगेतली एक छोटी उठून म्हणाली, "आईबाबांबद्दल." दुसरी म्हणाली, "जेवणाबद्दल." माझ्या अंगावर काटा आला. नियम विचारायची गरजच नव्हती.

पाहुणी म्हणून मला अगदी मागे खुर्ची दिली होती, म्हणजे माझी पाळी शेवटून दुसरी. चाळीसेक मुलींचं सांगून झालं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "प्रभू, त्या मुलाने त्यांची दाढी केली, त्याबद्दल."

एक क्षण सगळ्या गप्प होत्या. मग माझ्या शेजारची दहावीतली मुलगी उठली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "आज विहिरीवरची मोटर सुरू झाली, त्याबद्दल."

मग जेवणाची घंटा झाली.