तुम्ही विचारलंत म्हणून: बँड ‘प्रगल्भ’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

एखाद्या आवडत्या पॉप-रॉक बँडचा नवा अल्बम आला, त्याचे रिव्ह्यू आले, की हा प्रश्न हमखास येतो. “समीक्षक म्हणतात बँड प्रगल्भ झालाय. मला तर जुनीच गाणी बरी वाटतात. माझे कान कच्चे, की यांचं काहीतरी चुकतंय?”

बहुतेक वेळा दोन्ही नसतं. ‘प्रगल्भ’ हा शब्द रिव्ह्यूत फार स्वस्तात मिळतो. लय जरा उतरवली, चार व्हायोलिनं घातली, शब्दांत सुट्टीऐवजी घटस्फोट आणला, की शब्द मिळालाच. हे तिन्ही बदल स्टुडिओत एका दुपारी करता येतात. ऐकायचं असतं ते गाण्याच्या बांधणीत काही हललं आहे का, ते. आणि रिव्ह्यूत आधी बघायची ती तारीख. किती तारे दिलेत ते नंतर.

उदाहरणाला बीच बॉईज या अमेरिकन बँडचा ‘पेट साउंड्स’ घेऊ, कारण या प्रश्नाचे सगळे कंगोरे त्या एकाच तबकडीत आहेत. 16 मे 1966 ला तो अमेरिकेत निघाला. तोवर हा बँड म्हणजे समुद्र, सर्फिंग, मोटारी आणि मुली. गाणी बांधणारा ब्रायन विल्सन 23 वर्षांचा होता आणि त्याने दौरे सोडून दिले होते. जानेवारीत बाकीचे गडी जपानात कार्यक्रम करत होते, तेव्हा हा लॉस एंजेलिसमध्ये भाडोत्री स्टुडिओ-वादक घेऊन पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित करत बसला होता. शब्दांसाठी त्याने कुणी कवी धरला नाही. जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या टोनी ॲशरला बसवलं.

पहिलंच गाणं लावा, ‘वुडन्ट इट बी नाइस’. सुरुवातीला बारा तारांच्या गिटारचा नाजूक तुकडा आहे, तो ए मेजर या पट्टीत. मग ड्रमचा एकच दणका, आणि गाणं सुरू होतं ते एफ मेजरमध्ये. म्हणजे श्रोत्याचा कान एका षड्जावर बसतोय न बसतोय तोच खालची जमीन सरकवली. मधल्या तुकड्यात लय मुद्दाम ढिली पडते आणि पुन्हा उभी राहते. अकॉर्डियनवाले भाता हलवून सूर थरथरवतात. शब्द तेच, तरुण पोरापोरींचं ‘आपण मोठे असतो तर किती बरं झालं असतं’. विषय अजून कोवळा आहे, बांधणी मात्र वयात आलेली.

‘गॉड ओन्ली नोज’ त्याहून शिकवणारं. आपल्याकडच्या कानाला हे लगेच कळेल: तानपुरा लावलाय, पण षड्ज ठसठशीत कुठे लागतच नाही, असं काहीसं इथे होतं. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, ई मेजरची असली तरी बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, तिच्या मूळ सुरावर न बसता बऱ्याचदा तिसऱ्या किंवा पाचव्या सुरावर बसतो. त्यामुळे गाणं सतत कुठेतरी पोचायच्या बेतात राहतं. मधला शब्दांवाचूनचा तुकडा चार सूर वर उचललेला आहे. शेवटी तीन आवाज एकाच ओळीवर एकमेकांच्या मागे फिरत राहतात आणि गाणं मिटत जातं, संपत नाही. प्रेमगीताची पहिलीच ओळ ‘मी कदाचित तुझ्यावर कायम प्रेम करणारही नाही’ अशा अर्थाची आहे, आणि खालचा बेस तीच शंका सुरांत बोलतो. शब्द आणि बेस एकच गोष्ट सांगू लागले, की मी तिथे ‘प्रगल्भ’ शब्द खर्च करायला तयार आहे.

वाद्यांचं म्हणाल तर नुसता फ्रेंच हॉर्न आणि व्हायोलिनं मोजून भागत नाही. याच अल्बममध्ये सायकलचा भोंगा आहे, पालथा घातलेला पाण्याचा रिकामा जार तालवाद्य म्हणून वाजवलाय, शीर्षकाच्या वाद्यगतीत कोका-कोलाचे डबे आहेत. शेवटचं ‘कॅरोलाइन, नो’ संपतं ते आगगाडीच्या आवाजावर आणि ब्रायनच्या कुत्र्यांच्या भुंकण्यावर. त्या गाण्याची टेप थोडी वेगात चालवून सूर चढवलाय, आवाज अधिक पोरसवदा वाटावा म्हणून. म्हणजे सगळ्यात ‘मोठ्या’ म्हटल्या गेलेल्या गाण्यात गायकाला लहान केलंय! वाद्यवृंद दिसला की प्रगल्भता आली असं लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. (‘स्लूप जॉन बी’ मला तिथे आजही उपरं वाटतं. बहामाकडचं लोकगीत, एकल तबकडी म्हणून आधीच गाजलेलं. अल्बमची सलग मनःस्थिती तिथे तुटते.)

आता ऐकताना हमखास होणाऱ्या चुका. पहिली म्हणजे फोनच्या स्पीकरवर ऐकणं. तिथे खालचे सूर जवळपास येतच नाहीत, आणि या अल्बमची निम्मी गोष्ट बेसमध्ये आहे. मग ‘छान गोड चाली आहेत, त्यात काय एवढं’ हेच मत होणार, आणि त्यात कानाचा दोष नाही. दुसरी चूक आवृत्तीची. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. त्याने सगळे आवाज जुळवून अंतिम मिक्स केला तो मोनोत, म्हणजे डावं-उजवं न करता सगळं एकाच वाटेने. तेव्हा दुकानांत ‘स्टिरिओ’ म्हणून जी तबकडी मिळायची ती कॅपिटॉल या त्यांच्या तबकडी-कंपनीची ड्युओफोनिक, म्हणजे एकाच मोनो मिक्सचे तळाचे सूर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकलून केलेली बनावट स्टिरिओ. खरा स्टिरिओ मिक्स 1997 च्या संचात आला, तोही मूळ टेपा जुळवून. तो वाईट नाही. वाद्यं वेगवेगळी ओळखायला उत्तम. पण पहिल्या गाण्यातला मधला तुकडा मोनोत बँडमधला माइक लव्ह गातो, आणि त्या पहिल्या स्टिरिओ मिक्समध्ये तिथे ब्रायनचा आवाज आहे. तेव्हा आधी ‘मोनो’ असं लिहिलेली आवृत्ती लावा, साध्या तारेच्या हेडफोनवर. स्टिरिओ नंतर, अभ्यासाला. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टिरिओ आवृत्तीला मोनो करणं हा उपाय नव्हे. त्याने दोन बाजू एकत्र येतात, ब्रायनने ठरवलेली पातळी परत येत नाही.

ऐकण्याचा क्रम असा ठेवलेला बरा: एकदा सलग, सुमारे 36 मिनिटं, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा फक्त बेसच्या मागे जा. शब्द समोर घेऊन ऐकायचं ते तिसऱ्यांदा. शब्द आधी वाचले की कान आळशी होतो. रिव्ह्यू त्यानंतर.

पण स्वागताचं काय झालं? प्रश्न मुळात त्याबद्दलच आहे.

अमेरिकेत ‘पेट साउंड्स’ बिलबोर्ड या व्यापारी पत्राच्या लोकप्रियतेच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोचला. आदल्या वर्षीचा ‘समर डेज’ दुसऱ्यापर्यंत गेला होता, म्हणजे ही घसरणच. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि महिनोन्‌महिने पहिल्या दहात टिकला. यावरून ‘अमेरिकन समीक्षकांना कळलं नाही, ब्रिटिशांना कळलं’ अशी गोष्ट सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. मे 1966 मध्ये अमेरिकेत रॉक अल्बमची समीक्षा लिहिणारं कुणी फारसं नव्हतंच. ‘क्रॉडॅडी’ हे मासिक त्याच वर्षीच्या सुरुवातीला एका कॉलेजच्या पोराने काढलेलं. ‘रोलिंग स्टोन’ निघायला नोव्हेंबर 1967 उजाडायचा होता. जे छापून यायचं ते व्यापारी पत्रांत, दुकानदाराने किती प्रती मागवाव्यात हे ठरवायला मदत म्हणून. दोन-चार ओळी. त्यांत प्रगल्भतेला जागा कुठली?

लंडनला मात्र ‘मेलडी मेकर’, ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ अशी साप्ताहिकं जोरात होती. त्यांना दर आठवड्याला पानं भरायची होती, वाद हवे होते. त्यात बँडचा प्रसिद्धीप्रमुख डेरेक टेलर, आधी बीटल्सचं तेच काम केलेला माणूस, तिथल्या सगळ्यांना ओळखणारा. ‘ब्रायन विल्सन हा प्रतिभावंत आहे’ ही ओळ त्याने चिकाटीने पसरवली. मे महिन्यात बँडमधला ब्रूस जॉन्स्टन तबकडी घेऊन लंडनला पोचला आणि बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनींना ती ऐकवली गेली. ‘मेलडी मेकर’ने तर इतर वादकांनाच विचारलं की हा अल्बम खरंच एवढा पुढचा आहे का, आणि उत्तरं एकमुखी आली नाहीत. म्हणजे तिथेही मतभेद होतेच, फक्त ते छापायला जागा होती. स्वागत असं घडतं: कान असतातच, पण पानं, ओळखी आणि कंपनीचा पैसाही असतो. कॅपिटॉलने काय केलं? नवा अल्बम बाजारात येऊन आठ आठवडे होत नाहीत तोच जुन्या हिट गाण्यांचं ‘बेस्ट ऑफ’ आणलं. ते आठव्या क्रमांकावर गेलं, ‘पेट साउंड्स’च्या वर. ज्यांना जुनीच गाणी बरी वाटत होती, त्यांना कंपनीनेच ती हातात ठेवली.

इथे बीटल्सचा संदर्भ टाळता येत नाही, पण तोही जरा तपासून घ्यावा. ब्रायन भारावला तो ‘रबर सोल’ ऐकून, एकही भरतीचं गाणं नसलेला अल्बम म्हणून. त्याने ऐकला तो अमेरिकन ‘रबर सोल’. ब्रिटिश आवृत्तीत 14 गाणी. कॅपिटॉलने त्यातली चार काढली, आधीच्या ‘हेल्प’ अल्बममधली दोन घातली आणि 12 चा केला. काढलेल्यांत ‘ड्राइव्ह माय कार’सारखं विजेच्या गिटारचं धडाकेबाज गाणं होतं, घातलेली दोन्ही लाकडी गिटारची. म्हणून तो अधिक सलग, अधिक शांत ऐकू येतो. ज्या सलगपणाने ब्रायन पेटून उठला, त्यात कंपनीच्या कात्रीचाही वाटा आहे. दुसऱ्या बाजूला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर तबल्यासाठी अनिल भागवत हे नाव छापलंय. बीटल्स बाहेरच्या वादकांची नावं सहसा छापत नसत, हे ध्यानात घेतलं तर ते नाव आपल्याला जरा सुखावून जातं.

मग मत बदललं कधी? हळूहळू. 1995 मध्ये ब्रिटिश मासिक ‘मोजो’ने सर्वोत्तम अल्बमच्या यादीत तो पहिला ठेवला, ‘रोलिंग स्टोन’ने 2003 मध्ये, मग 2012 आणि 2020 मध्येही दुसरा. आणि अमेरिकेत ‘गोल्ड’ तबकडीचा शिक्का त्याला मिळाला थेट 2000 साली, ‘प्लॅटिनम’सकट एकदमच! विक्री एका दिवसात झाली म्हणून नव्हे. तो शिक्का आपोआप बसत नाही, कंपनीने हिशेब तपासून मागावा लागतो.

उलटंही होतं. वीझर या अमेरिकन रॉक बँडचा ‘पिंकर्टन’, सप्टेंबर 1996. पहिला अल्बम गुळगुळीत, लाडका. हा दुसरा बँडने स्वतःच ध्वनिमुद्रित केलेला, खरबरीत, आवाज जागोजागी फाटलेला, आणि शब्द असे उघडे की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी तो त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवला. पुढे खुद्द गीतकार रिव्हर्स कुओमोनेही त्याला जाहीरपणे नावं ठेवली. आठ वर्षांनी त्याच मासिकाने त्याला पाचपैकी पाच तारे दिले. टेप तीच होती. मधल्या काळात तो ऐकून वाढलेली पोरं स्वतः बँड काढू लागली होती, काही लिहू लागली होती. आणि ‘पिंकर्टन’ प्रगल्भ आहे का? मला विचाराल तर नाही. तो प्रामाणिक आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत दोन्ही वेळच्या रिव्ह्यूंनी केली.

हल्ली गुणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’चा आकडा लोक तोंडावर मारतात. तो आकडा कसा बनतो हे ठाऊक असलेलं बरं. ती भारित सरासरी आहे, म्हणजे सगळ्या प्रकाशनांचं वजन सारखं नसतं. अक्षरांतली श्रेणी शंभरात बदलली जाते: बी म्हणजे 75, सी म्हणजे 50. ज्या रिव्ह्यूत गुणच नाहीत त्याला मजकूर वाचून गुण दिले जातात. शिवाय बहुतेक रिव्ह्यू अल्बम निघण्याच्या आठवड्यातले, घाईत, दोन-तीनदा ऐकून लिहिलेले. 81 आणि 84 मधला फरक म्हणजे एखाद्या समीक्षकाची झोप.

ताजं काही हवं असेल तर पॅरामोर या अमेरिकन रॉक बँडचा ‘आफ्टर लाफ्टर’, मे 2017. रिव्ह्यू चांगले आले, बहुतेकांनी शब्दांतलं नैराश्य आणि वर चकचकीत ऐंशीच्या दशकाचा साज, हा विरोध टिपला. ते बरोबरच आहे. ‘हार्ड टाइम्स’ या गाण्याच्या सुरुवातीचा मारिम्बा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या, सगळ्यांना ऐकू येतो. पण तो कान वळवून घेतो, तेवढ्यात खाली काय चाललंय ते निसटतं. आदल्या अल्बमांत गिटारची भिंत सगळी जागा व्यापायची. इथे गिटार तुटक, ठेक्याला धरून वाजते आणि मधली जागा मोकळी सोडते, म्हणून बेस आणि ड्रम पुढे येऊ शकतात. झॅक फॅरो ड्रमवर परत आला तो याच अल्बममध्ये. एकदा मारिम्बाकडे साफ दुर्लक्ष करून नुसता त्याच्या हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रममधल्या झांजांच्या जोडीच्या, मागे जा, मग 2013 चा अल्बम लावा आणि तीच जागा तिथे शोधून बघा.