मांजरसुंब्याचा घाट अन् काकांचा रुमाल

मी बीडला कारच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. मागच्या हिवाळ्यात केजकडचं एक कुटुंब आलं होतं, काका, काकू, लेक अन् सून. लेकाचं रोज केज-बीड जाणं-येणं, पण त्याचं पेट्रोलच फिक्स, म्हणे दिल्लीत डिझेल गाड्या दहा वर्षांत बंद करतात. मी म्हणलं दादा तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्याकडं आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, पंधरा वर्षांची मिळते.

काकांचं वेगळंच. "आमची जुनी जीप लई धूर सोडायची, ही सोडती का?" असं म्हणत त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला अन् डिझेल डेमो गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट घालून आतून पुसलं. रुमालाला काजळी नाहीच, नुसती धूळ! बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला २०२० मध्ये, तेव्हापासून डिझेलला डीपीएफ हा धुराचा फिल्टर असतो, काजळी तिथंच अडकते अन् गाडी रनिंगमध्ये तापली की जळून जाते, हे मी रोज सांगतो पण असं दाखवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मग सगळ्यांना बसवून, एसी लावून, पालीच्या पुढं मांजरसुंब्याच्या घाटात नेलं, दोन्ही गाड्या. पेट्रोलवाली चढली पण पुढं उसाचा ट्रक आला की गिअर पाडा, रेस करा. डिझेलला लेकानं तिसरा टाकला तो वरपर्यंत तसाच, ट्रक मागं टाकताना सुद्धा. कारण दीड लिटरच्या टर्बो डिझेलला २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, तीही दीड हजार आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच, अन् तेवढ्याच साध्या पेट्रोल इंजिनाला १४४ च्या आसपास, ते पण इंजिन चांगलं फिरवल्यावर. आवाजाचं म्हणाल तर कॉमन रेल या आताच्या इंधन सोडायच्या सिस्टीममध्ये डिझेल प्रचंड प्रेशरनं अन् थोडं थोडं करून सुटतं त्यामुळं ती जुनी खडखड राहिली नाही, काकू मागं निवांत बोलत होत्या.

लेक वर थांबून म्हणला, डिझेलच घेऊ.

डिझेलची किंमत लाखाच्या वर जास्त असते, ती मायलेजमधून निघते पण रोजचं रनिंग पाहिजे, यांचं होतं म्हणून मी पण जोर लावला. त्याच संध्याकाळी एक सर आले, घर ते शाळा दोन-तीन किलोमीटर, त्यांना पण डिझेलच पाहिजे होती. त्यांना मी सरळ नाही म्हणलं. एवढ्या कमी रनिंगमध्ये डीपीएफ नीट तापत नाही, चोक होतो, डॅशबोर्डवर सारखी वॉर्निंग लाईट लागते, अन् बदलायचा म्हणलं की मोठा खर्च. सरांनी पेट्रोल बुक केली.