हरणं, शेपू आणि आक्रसत चाललेलं लॉन

न्यू जर्सीत घर घेताना लोक तळघर बघतात, छप्पर बघतात, शाळा कुठली ते विचारतात. मागचं अंगण कोणी निरखून बघत नाही, कारण ते सगळीकडे सारखंच असतं: हिरवंगार लॉन, कुंपणाशी शरदात लालभडक होणारी बर्निंग बुशची झुडपं आणि कोपऱ्यात एक मेपल. आमचंही तसंच होतं. व्हिडिओ कॉलवर ते फार शोभून दिसायचं. "अगं, एवढी छान हिरवळ आहे, ती उकरतेस कशाला?" हा आईचा प्रश्न अजूनही अधूनमधून येतोच.

त्या हिरवळीत फारसं कोणी राहत नाही, हे माझं उत्तर. केंटकी ब्लूग्रास हे नाव अस्सल अमेरिकन वाटतं, पण हे गवत इथे युरोपातून आलं. त्याला पाणी पाजायचं, खत घालायचं आणि वाढलं की कापून टाकायचं, एवढाच त्याचा आणि आपला संबंध. तरी सगळं एकदम उखडायचं नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. लँडस्केपवाल्यांनी सांगितलेला आकडा ऐकल्यावर तर ते ठरवणं आणखीच सोपं झालं.

म्हणून सुरुवातीला नुसतं बघत बसलो. ऊन कुठे किती वेळ टिकतं, पावसानंतर पाणी कुठे साचतं, हरणं कुठल्या बाजूने आत येतात. आमच्या सॉमरसेट काउंटीत बऱ्याच ठिकाणी लाल शेल या खडकापासून झालेली चिकण माती आहे. पावसाळी दिवसांत बुटाला चिकटून घरात येते आणि ऑगस्टमध्ये खुरपं आत जाऊ देत नाही. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत थोडी माती पाठवली की तिचा सामू आणि त्यात काय कमी-जास्त आहे त्याचा अहवाल येतो. नर्सरीत पाऊल टाकण्याआधी हा खर्च करावा, असं माझं मत आहे.

इथली आणखी एक गंमत म्हणजे खड्डा खणण्याआधी ८११ या नंबरवर कळवावं लागतं. मग माणसं येऊन जमिनीखालून काय गेलंय ते दाखवायला गवतावर रंगाचे पट्टे मारतात, छोटे झेंडे रोवतात: गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, फोन-केबलला नारिंगी. आपल्याला पैसे पडत नाहीत. आमच्या अंगणातून पिवळी रेघ नेमकी तिथूनच गेली, जिथे मी मनातल्या मनात झाड लावून मोकळी झाले होते. तिथे आता उथळ मुळांची फुलझाडं आहेत.

लॉन काढायला यंत्र लागलं नाही, पुठ्ठ्याचे खोके लागले. शरदात गवत अगदी बुडाशी कापायचं, त्यावर पुठ्ठा असा अंथरायचा की फटीतून उजेड जाणार नाही, तो भिजवायचा, वर कंपोस्ट आणि लाकडाच्या चिपांचा जाड थर द्यायचा. हिवाळाभर खालचं गवत उजेडाविना मरतं, गांडुळं पुठ्ठा संपवतात आणि वसंतात तीच चिकण माती बरीच मऊ झालेली असते. दर शरदात एक तुकडा, यापेक्षा जास्त नाही. एवढ्याच जागेची निंदणी आपल्या हातून होते.

झाडं निवडायची तर पहिलं मत हरणांचं. रटगर्सची एक यादीच आहे. हरणं काय क्वचित खातात आणि काय हमखास फस्त करतात, अशी त्यात झाडांची चार गटांत विभागणी केली आहे. होस्टा आणि ट्यूलिप शेवटच्या गटात, डॅफोडिल पहिल्या. दुसरं मत थंडीचं. अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या पट्ट्यांच्या २०२३च्या नकाशात आमचा भाग ७अ पट्ट्यात आहे. म्हणजे हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र सरासरी उणे १८ ते उणे १५ अंश सेल्सिअसची. मोगरा आणि कढीपत्ता त्यामुळे कुंडीतच, आणि ऑक्टोबरपासून दिवाणखान्यात.

उरलं आपलं मत. माझा कल हळूहळू इथल्या मातीतल्या झाडांकडे झुकला. बी बामचं पान चुरगळलं की ओव्याचा वास येतो. दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं. बहुधा त्या वासामुळेच हरणं त्याला तोंड लावत नाहीत, पण हमिंगबर्ड मात्र लाल फुलांवर हजर. कोनफ्लॉवर, मग पाणी साचतं तिथे जो-पाय वीड, आणि शेवटी गोल्डनरॉड व जांभळे ॲस्टर. गोल्डनरॉडवर शिंका येण्याचा आळ उगाच घेतात. त्याचा पराग जड आणि चिकट, कीटकांच्या अंगावरून जाणारा. वाऱ्यावर उडतो तो त्याच सुमारास फुलणाऱ्या रॅगवीडचा.

पण माझं लाडकं झाड मिल्कवीड. आपल्या रुईचीच ही भावकी. पान तोडलं की तसाच पांढरा चीक, शेंग फुटली की तशाच म्हाताऱ्या उडतात. आपल्याकडे रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात, इथे मिल्कवीडवर त्याचा चुलतभाऊ मोनार्क. मोनार्कच्या अळ्या दुसरं काही खातच नाहीत. शरदातली पिढी मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत उडत जाते. आमच्या राज्याच्या दक्षिण टोकाला केप मे इथे त्यांचा मुक्काम पडतो आणि ते बघायला गर्दी होते. मिल्कवीडच्या बियांना मात्र थंडी सोसल्याशिवाय जाग येत नाही, म्हणून नोव्हेंबरमध्ये पेरून विसरून जायचं.

भाजीच्या वाफ्यात भांडण झालं ते शेपूवरून. काळे पट्टे, त्यांवर पिवळे ठिपके अशा हिरव्या अळ्यांनी शेपूच्या काड्या केल्या होत्या. देवरुखहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, वेचून टाक की, भाजी संपेल." एकीला काडीने हात लावला, तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. सासूबाई हसल्या. "आमच्या लिंबावरच्या अळ्याही अश्शाच शिंगं काढतात!" बरोबरच आहे, घराणं एकच. ही ब्लॅक स्वॅलोटेलची अळी. महाराष्ट्राने २०१५मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, न्यू जर्सीने २०१६मध्ये ब्लॅक स्वॅलोटेलला. दोघंही पॅपिलिओ या एकाच प्रजातीतले. आता शेपूच्या दोन रांगा पेरते. कुठली कोणाची ते अळ्यांना अजून समजलेलं नाही.

सासूबाईंनीच अळू लावलं, देशी दुकानातल्या अरवीच्या कांद्यांपासून. इथे ते शोभेचं झाड, एलिफंट इअर म्हणून नर्सरीत कुंडीसकट बऱ्यापैकी महाग मिळतं. पलीकडच्या काकूंनी पानांची तोंडभरून स्तुती केली. पुढच्याच आठवड्यात आम्ही ती पानं कापली तेव्हा मात्र त्या गप्प झाल्या. पहिलं दव गोठायच्या आत कांदे खणून तळघरात ठेवावे लागतात.

ब्लूबेरी लावायची तर या राज्यात लावावी. एलिझाबेथ व्हाइट यांनी फ्रेडरिक कोविल यांच्या साथीने व्हाइट्सबॉगमध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक १९१६मध्ये बाजारात पाठवलं. पण ती राज्याच्या दक्षिणेची आम्लधर्मी वाळू. आमच्या मातीत गंधक घालून वर्षभर वाट पाहावी लागली, आणि जाळी नसेल तर पक्षी आपल्यासाठी काही ठेवत नाहीत.

बर्निंग बुश गेलं. ते रानात पसरून तिथली झुडपं मारतं, त्याचं वाईट वाटलं नाही. मेपल तसाच आहे. तो नॉर्वे मेपल, त्याच्याखाली गर्द सावली आणि वर आलेली मुळं, त्यामुळे गवतसुद्धा धड येत नाही. या शरदात तिथे ख्रिसमस फर्न आणि पांढरे वुड ॲस्टर लावून बघणार आहे. दोघांनाही कोरडी सावली चालते. कोणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा. मधला लॉनचा पट्टा मात्र राहणार. नवऱ्याचं म्हणणं, मुलांना क्रिकेटला जागा हवी. मुलं सॉकर खेळतात, आणि तेही शाळेत.