दोन्ही डोळे दिसले पाहिजेत

सोसायटीच्या फळ्यावर कागद लागला. ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्यांनी लसीकरणाच्या दाखल्याची झेरॉक्स आणि प्राण्याचा 'स्पष्ट' फोटो ऑफिसात द्यावा. दाखला होताच, फोटोंना तर तोटाच नव्हता. त्यातलाच एक छापून आणला आणि सेक्रेटरींना नेऊन दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "वहिनी, हे पायपुसणं आहे की कुत्रा? दोन्ही डोळे दिसले पाहिजेत."

राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. आमचा तिळ्या काळा कुळकुळीत आहे. नऊ वर्षांपूर्वी ऐन संक्रांतीच्या आठवड्यात ठाण्यात वर्तकनगरच्या रस्त्यावर एका टोपलीखाली सापडला, म्हणून हे नाव. छातीवर हलव्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आहे, बाकी सगळी अमावस्या. आणि माझा फोन साधा, मागे एकच कॅमेरा असलेला, चार वर्षांचा.

त्याच रात्री ट्यूबलाइटखाली बसले. पहिले दहा फोटो हलले. मुलाने फोटोचा तपशील उघडून दाखवला: उजेड कमी म्हणून कॅमेरा सेकंदाचा विसावा भाग उघडा राहिला होता. तेवढ्यात तिळ्याची मान इकडची तिकडे होते. मग फ्लॅश लावला, तर डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, अंधारात दिसावं म्हणून. फ्लॅश त्याच्यावरूनच परत येतो. शिवाय तिळ्या रुसून पलंगाखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, पांढऱ्या लाद्यांवर. लाद्या सुरेख आल्या, मधे तिळ्याच्या आकाराचं भोक. "आई, तू लाद्यांचा फोटो काढलायस," मुलगा म्हणाला. फोनला कुत्रा कळत नाही, तो समोरच्या सगळ्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम उजेडावर आणून ठेवतो. लाद्या पांढऱ्या, म्हणून सगळंच काळं केलं. मग मी अगदी जवळ जाऊन नुसतं तोंड चौकटीत घेतलं, तर उलटं झालं: सगळं काळं बघून फोनने उजेड वाढवला आणि तिळ्या राखेत लोळून आल्यासारखा दिसला. जवळून घेतल्यामुळे नाकही बटाट्याएवढं. तेव्हापासून मी चार-पाच फूट लांब बसते, झूमला हात लावत नाही आणि नंतर फोटो कापते.

तिसऱ्या संध्याकाळी त्याला उपवन तळ्यावर नेलं. तिथे सूर्य येऊरच्या डोंगराआड लवकर जातो, साडेपाचलाच तळ्याकाठी मऊ, सावलीतला उजेड असतो. काळ्या केसांना हाच मानवतो, एकेक केस दिसतो. उजेड अगदी हवा तसा होता, पण कुत्रं ताब्यात नव्हतं. कोणाची तरी भेळ, कठड्याखालचे दोन गावगुंड कुत्रे, पळणारी पोरं. तिळ्याने सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे सोडून. त्रेसष्ट फोटो काढले, त्यात बहुतेक शेपट्या. एका फोटोत त्याला तीन कान होते! ते एचडीआरचं काम. त्यात फोन पाठोपाठ काही फोटो घेऊन एकावर एक बसवतो, आणि मधे कुत्रं हललं की असे अवतार निघतात. घरी आल्या आल्या ते बंद केलं. भिंग पदराने पुसलं, तर पदरावर तेलाचा डाग. इतके दिवस मी वरणफोडणीतून फोटो काढत होते.

शेवटी जागा घरातच सापडली. आमच्या दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये सकाळी आठला पूर्वेचा उजेड येतो, पण ऊन नाही. तिथे जुनी मरून सतरंजी अंथरली, म्हणजे मागे ना पांढरं ना काळं. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीला हवा म्हणून मी पोटावर आडवी झाले. शेजारच्या ताई दूध घ्यायला दार उघडतात तर मी लादीवर पालथी. "अगंबाई, पडलात का हो?"

उरला प्रश्न त्याने बघायचा. म्याँव केलं, चुटक्या वाजवल्या, बिस्किटाचा पुडा चुरचुरवला. कुठलाही आवाज दोनदा चालतो, तिसऱ्यांदा तो जांभई देतो. आणि बिस्किट दिसलं की थेट अंगावर येतो, मग फोटोत नुसत्या नाकपुड्या. मी वैतागून उठणार, एवढ्यात आतून आवाज आला. खर्र, खर्र. सासूबाई विळीवर नारळ खवत होत्या.

तिळ्याचे दोन्ही कान एका क्षणात ताठ. कपाळाला आठी, तोंड मिटलेलं, डोळे टक्क. नऊ वर्षं त्याला खोबऱ्याचा पहिला तुकडा मिळत आलाय. पण माझा फोन तयार नव्हता.

"तुला हे हवं होतं होय? मग आधी नाही का सांगायचं," म्हणत सासूबाई विळी घेऊन माझ्या मागे येऊन बसल्या. आता मी नीट बेत केला. फोनच्या पडद्यावर तिळ्याच्या तोंडावर बोट टेकवून दाबून ठेवलं, फोकस आणि उजेड तिथेच बांधला गेला. तिथे उमटलेली सूर्याची खूण किंचित वर सरकवली, म्हणजे डोळ्यांभोवतीचा काळा रंग उकलला. मग म्हटलं, "आई, आता." खर्र. मी बटण दाबूनच धरलं. सतरा फोटो पडले. पाचव्यात दोन्ही डोळ्यांत दाराबाहेरच्या उजेडाचा एकेक ठिपका. तो ठिपका नसला तर काळ्या कुत्र्याचे डोळे असूनही नसल्यासारखे. सासूबाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या खोबऱ्याकडे बघतोय मेला." तुकडे मात्र दोन दिले.

छापणाऱ्याला आवर्जून सांगितलं की थोडा उजळ काढा, कागदावर पडद्यापेक्षा गडद येतं. फोटो पाहून सेक्रेटरी खूश. "आता कसं!"

चार दिवसांनी सहीसाठी बोलावलं. रजिस्टरमध्ये आमच्या नावापुढे फोटोची झेरॉक्स चिकटवली होती. काळा चौकोन, त्यात हलव्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. डोळे? छे. मूळ फोटो कुठे म्हणून विचारलं, तर साहेब जरा घुटमळले. "तो ना, आमच्या नातीने नेला. फ्रिजवर लावलाय."

मी सही केली.