सात रुपयांतले शहर

नव्या शहरात पोहोचले की पहिल्या दिवशी मी काहीही 'पाहायला' जात नाही. खोलीत सामान टाकायचे, जे वाहन त्या शहरात सर्वांत सावकाश चालते त्याचा थांबा विचारत जायचे, शेवटच्या थांब्यापर्यंतचे तिकीट काढायचे आणि वाटेत लोक रस्त्यावर उभ्याने काय खात आहेत ते पाहून ठेवायचे, म्हणजे परतताना उतरता येते, असा माझा रिवाज आहे. या रिवाजापायी काही शहरांत मी नुसतीच बसडेपोची भिंत पाहून परतले आहे. कोलकात्यात मात्र तो फळाला आला, कारण सावकाश जाण्याची तिथे जुनी आणि रीतसर सोय होती.

कोलकात्यात घोड्यांची ट्राम 24 फेब्रुवारी 1873 रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी धावली आणि उतारू मिळेनात म्हणून त्याच वर्षी बंदही पडली. 1880 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि 1902 मध्ये विजेवर आली. आपल्या मुंबईची ट्राम 1874 ची, म्हणजे कोलकात्याच्या पाठची बहीण. ती 31 मार्च 1964 च्या रात्री गेली. आईने लहानपणी तिच्यातून केलेला प्रवास मी इतक्या वेळा ऐकला आहे की श्यामबाजारला ट्रामच्या पायरीवर पाय ठेवताना, आपण घरातल्याच एखाद्या थकलेल्या नातेवाइकाला भेटायला आलो आहोत, असे मला वाटले.

कंडक्टरने सात रुपये घेतले आणि बिडीच्या पानाइतके पातळ तिकीट हातावर ठेवले. ट्रामचालकाला भोंगा नसतो. तो पायाने घंटा बडवतो, आणि त्या घंटेला रस्त्यावरचे कोणीही भीत नाही. हातीबागानजवळ एक हातगाडीवाला रुळांवरच गाडी उभी करून पावती लिहून घेत होता. चालकाने घंटा वाजवली. हातगाडीवाल्याने मान वर करून, 'झालेच' अशा अर्थाने हात हलवला आणि राहिलेले आकडे सावकाश लिहवून घेतले. ट्राममधल्या एकानेही चुकचुक केली नाही की घड्याळ पाहिले नाही. मुंबईत एव्हाना त्या हातगाडीवाल्याची सात पिढ्यांची चौकशी झाली असती.

पुढे कॉलेज स्ट्रीट लागते. तिथे ट्रामचा वेग असा नेमका पडतो की दुतर्फा लागलेल्या पुस्तकांच्या टपऱ्यांतली नावे खिडकीतून वाचता येतात. मला बंगाली लिपी जेमतेम येते. अक्षर लावून लावून मी 'रसायन' वाचले, तोवर पुढच्या टपरीवर 'प्रश्नोत्तर' आले. बसमधून ही दुकाने नुसत्या रंगीत पट्ट्यासारखी दिसली असती. चालत गेले असते तर दुकानदारांनी हाका मारून थांबवले असते आणि मी रसायनशास्त्राचे एखादे पुस्तक विकतही घेतले असते. ट्रामने मला या दोन्हींतून वाचवले.

परतताना ठरल्याप्रमाणे हातीबागानला उतरले, कारण तिथे फुचकावाल्याभोवती घोळका दिसला होता. फुचका म्हणजे आपली पाणीपुरीच, असे म्हणणे दोन्ही पक्षांना अपमानास्पद आहे. मुंबईची पुरी गरम रगड्यावर आणि गोड-तिखट अशा दोन पाण्यांवर चालते. फुचकावाल्याकडे उकडलेला बटाटा असतो. त्यात तो चणे, हिरवी मिरची, मसाला आणि चिंचेचे पाणी घालतो आणि पिठाचा गोळा मळावा तसा तो तुमच्या डोळ्यांदेखत मळतो. 'झाल?' असे विचारतो, म्हणजे तिखट किती. मी प्रांताची अब्रू राखण्यासाठी 'भरपूर' म्हटले आणि तिसऱ्या फुचक्याला डोळे पुसले. पानाचा द्रोण प्रत्येकाच्या हातात, आणि फुचकावाला गोलाकार एकेक वाटत जातो. कोणाचे किती झाले हे तोच मोजतो आणि चुकत नाही. शेवटी हिशेब झाल्यावर माझ्या शेजारच्या बाईंनी द्रोण पुढे केला आणि 'फाउ' म्हणाल्या. फाउ म्हणजे वरचा एक, बिनपैशांचा. आपल्याकडे शेवटी सुकी पुरी मागतात तेव्हा त्या मागणीला नाव नसते, नुसता हात पुढे होतो. इथे त्या हक्काला एक शब्द दिलेला आहे. मीही म्हटले 'फाउ', आणि मिळाला.

बटाट्याचे या शहरात फारच लाड आहेत. अवधचे राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह 1856 मध्ये कोलकात्याला आले आणि मटियाबुर्जला राहिले. त्यांच्या खानसाम्यांच्या बिर्याणीत इथे बटाटा शिरला. मांस परवडेना म्हणून की बटाटा तेव्हा अपूर्वाईचा होता म्हणून, यावर तिथे अजून वाद घालतात. मी एवढेच पाहिले की ताटात बटाटा आला नाही तर गिऱ्हाईक मांसाच्या तुकड्याइतकीच तक्रार करते. वडापाववर वाढलेल्या माणसाने यावर हसू नये.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे हावड्याला जाऊन परत यायचे होते. हावडा पूल 1943 मध्ये वाहतुकीला खुला झाला, तेव्हा त्यावरून पहिली गेली ती एक एकटी ट्राम. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद, सगळे रिव्हेटांनी जोडलेले, नट-बोल्ट नाहीत. आणि या एवढ्या पुलाला जेरीस आणले ते पानाच्या पिचकाऱ्यांनी. खांबांच्या तळाची पोलादी आवरणे थुंकीने इतकी झिजली की त्यांवर फायबरग्लासचे वेष्टण चढवावे लागले. नदी ओलांडायला आता मेट्रोही आहे. मार्च 2024 पासून ती हुगळीच्या तळाखालून जाते, आणि नदीखालचा बोगदा सुमारे 45 सेकंदांत संपतो. आपण नदीखाली आहोत हे कळावे म्हणून तिथे निळे दिवे लावले आहेत. मी गेले तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी मोबाइल वर केले, आणि चित्रण नीट सुरू होईतो नदी संपलीही होती. रोज पुलावर तासभर अडकणाऱ्याला हे 45 सेकंद किती मोलाचे आहेत हे मला, मुंबईकरणीला, कोणी सांगायला नको. तरीही येताना मी फेरीबोटीनेच आले. बोटीत माझ्या बाजूला झेंडूच्या माळांचा ढीग होता, मल्लिक घाटाच्या फुलबाजाराकडे निघालेला. माळवाल्याने त्यावर डोके टेकून एक डुलकीही काढली.

बसचा अनुभव एका वाक्यात सांगते. मी उतरायला उठले तशी कंडक्टरने पत्र्यावर थाप मारून 'आस्ते, लेडीज!' अशी आरोळी ठोकली, अख्खी बस माझ्यासाठी गचकन थांबली, आणि चाळीस माणसांच्या नजरांसमोर मला वयापेक्षा वीस वर्षे म्हाताऱ्या बाईसारखे उतरावे लागले.

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की शहराच्या मध्यावरच्या 'मैदान' नावाच्या मोकळ्या जागेजवळचा एक तुकडा वगळून बाकीची ट्राम बंद करायची. वाहतूक अडते, हे कारण. हातगाडीवाल्याचे मला आठवले. पण त्याच्याबद्दल जाहीरनाम्यात काही नव्हते.

निघण्याच्या दिवशी सकाळी बागबाजारला गेले, कारण तिथे मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो कधी पुरा झाला नाही, मराठेही तिथवर आले नाहीत, आणि पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. गल्लीचे नाव तेवढे उरले. मात्र त्या स्वारांची, म्हणजे बारगिरांची, बंगालीतल्या 'बर्गीं'ची, धास्ती अंगाईगीतात जाऊन बसली. खंडणी द्यायची कशातून, अशी चिंता ऐकत तिथली मुले अजूनही झोपतात.

गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. मातीच्या पेल्याला तिथे 'भाँड' म्हणतात, म्हणजे आपल्या भांड्याचाच चुलतभाऊ. चहावाल्या आजोबांनी गाव विचारले. मी 'महाराष्ट्र' म्हणताच त्यांचा हात किटलीवर थबकला, मग ते मनापासून हसले आणि बाकड्यावर बसलेल्या चारपाच वर्षांच्या नातवाला म्हणाले, 'अरे, बर्गी एशेछे!' नातवाने मला नीट न्याहाळले आणि हातातले अर्धे बिस्कीट पाठीमागे लपवले.