हनुवटीखालचा उजेड

हर्णैला चेहरे काढायचे असतील तर संध्याकाळच्या लिलावाला जावं. मोठ्या होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून अलीकडे येते आणि तिथून बैलगाड्या पाण्यात शिरून ती वर वाळूवर आणतात. समोर सुवर्णदुर्ग. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग पडतात, ढिगाभोवती माणसांचं कोंडाळं जमतं आणि बोली सुरू होते. सगळ्यांचे डोळे मासळीवर. अशा वेळी बाजूला वही घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे कोण बघणार? व्यक्तिचित्र काढणाऱ्याला याहून मोठी सवलत मिळत नाही. आपल्याला कुणी काढतंय हे कळलं की माणूस आपला चेहरा आवरून बसतो, मग तो मोकळा व्हायला वेळ जातो.

मी घाटावरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. नाताळच्या सुट्टीत एसटीने आणि मिळेल त्या वाहनाने दापोलीपासून खाली सावंतवाडीपर्यंत गेले. सोबत कार्ट्रिज पेपरची वही, सहा-बी आणि आठ-बी पेन्सिली, थोडा कोळसा आणि जलरंगांची लहान डबी. कोकणात चित्रकार जातात ते बहुतेक माड, होड्या आणि कौलारू घरं काढायला. ती चित्रं मलाही आवडतात. पण माझा जीव चेहऱ्यांत आहे. एसटीत समोरच्या बाकावरच्या माणसाचं कपाळ कुठे संपतं, नाकाचं हाड कुठे वळतं, हे बघत मी आख्खा प्रवास करू शकते. शिक्षिका होण्याआधीपासूनचं हे वेड आहे आणि वयाबरोबर ते वाढतच चाललंय.

हर्णैला ढिगाशेजारी एक कोळीण उकिडवी बसली होती. हातात टोपली, तोंडाने बोली चालू, नजर एका जागी ठरत नव्हती. तिचं डोकं दर क्षणाला वळत होतं, म्हणून एकाच पानावर तिची सहा-सात डोकी अर्धवट काढली. एकात फक्त कान आणि जबडा, एकात फक्त उघडं तोंड. आणि काढताना लक्षात आलं की तिच्या चेहऱ्यावर सावल्याच नाहीत!

म्हणजे असं, की शाळेत आणि कला महाविद्यालयात आपण चेहरा शिकतो तो वरून, एका बाजूने येणाऱ्या उजेडात. अशा उजेडात भुवईखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली आणि हनुवटीखाली गडद छाया पडते. याच चार छायांवर चेहरा उभा राहतो. एवढ्या चार जागा नेमक्या पडल्या तर डोळ्याची एकही रेघ न काढता माणूस ओळखू येतो. पण हर्णैला सूर्य समुद्रावर टेकत आलेला, उजेड समोरून आडवा येतो. शिवाय पाणी ओसरलेली ओली वाळू आरशाचं काम करते आणि तोच उजेड खालून परत चेहऱ्यावर फेकते. नाकाखालची छाया विरघळते, हनुवटीची खालची बाजू उजळते, भुवईखालचा खळगा भरून येतो. नेहमीचे आधार गेले की चेहऱ्याची चढ-उतार फक्त कडांवरून वाचावी लागते. कोळसा बाजूला ठेवला आणि टोकदार पेन्सिलीने नुसत्या रेषेत काढायला लागले. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

काम आटोपल्यावर त्या बाईंनी वही मागून घेतली, सगळी डोकी निरखली आणि उघड्या तोंडाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "ही बरोबर आहे. बोली जास्त लावली तवाची." ते पान मी तिथेच फाडून त्यांना दिलं. मूळ चित्र, ते काढताना समोर बसणाऱ्याला द्यायचं आणि आपण मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, असा माझा शिरस्ता आहे. चेहरा त्यांचा असतो.

दाभोळ-धोपावे आणि पुढे तवसाळ-जयगड अशा दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडून रत्नागिरी गाठली. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये ज्या गावात वारला, त्याच गावात १८५६ साली टिळकांचा जन्म झाला होता. टिळकांचं जन्मघर बघताना मनात शाळेच्या भिंती आल्या. आपल्या प्रत्येक शाळेत थोर पुरुषांच्या तसबिरी असतात, आणि बहुतेक तसबिरी कुठल्या तरी एखाद्याच छायाचित्रावरून, मग त्या तसबिरीवरून दुसरी, अशा उतरत आलेल्या असतात. दर पिढीला चेहरा थोडा गुळगुळीत होत जातो. मुलंही तेच शिकतात: मोबाइलवर फोटो उघडायचा, चौकटी आखायच्या आणि उतरवायचा. सरावापुरतं ठीक आहे, पण मला ते मनापासून मान्य नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत नाक असतं त्याहून मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतात. लेन्सला एकच डोळा असतो आणि तो एका क्षणाचंच बघतो. समोर बसलेला माणूस अर्ध्या तासात शंभर वेळा बदलतो आणि हात त्या बदलांतून काय टिकतंय ते वेचत राहतो.

आणखी एक दुःख आहे, तेही इथेच सांगते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत चेहऱ्याला स्वतंत्र पेपर नाही. वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, नक्षीकाम, भूमिती, अक्षरलेखन आहे. स्मरणचित्रात माणसं येतात, पण इतकी लहान की चेहऱ्याच्या जागी लंबगोल आणि दोन ठिपके पुरतात. बाजारातली, जत्रेतली, बसस्टॉपवरची माणसं काढून मुलं उत्तम श्रेणीत पास होतात आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा चेहरा त्यांनी कधी नीट पाहिलेला नसतो. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, वर कपाळ आणि केसांत अर्धं डोकं उरतं, हे सांगितलं की आठवीची मुलंसुद्धा एकमेकांकडे बघून चकित होतात. सगळी मुलं डोळे फार वर काढतात, कारण कपाळ त्यांना महत्त्वाचं वाटत नाही.

विजयदुर्ग, देवगड भराभर मागे टाकले आणि आचऱ्याजवळ एका ओळखीच्यांच्या घरी मुक्काम केला. चिऱ्यांच्या भिंती, पुढे पडवी, पुढे शेणाने सारवलेलं खळं, त्यावर सुपारी वाळत घातलेली. घरातल्या आजी सकाळी पडवीत सुपारी सोलायला बसायच्या. वय ऐंशीच्या पुढे. काढू का विचारलं तर म्हणाल्या, "काढ गो बाय, पण माझां काम थांबाचा नाय."

इथे हर्णैसारखं समोरून ऊन नाही. पडवीच्या उतरत्या छपरामुळे आकाशाचा उजेड चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही. जो येतो तो सगळा खळ्यावरून आणि बाजूच्या जांभ्याच्या, म्हणजे तांबड्या दगडाच्या, गडग्यावरून (कुंपणाच्या भिंतीवरून) उसळून, खालून आणि बाजूने. त्यात जांभ्याची लाली मिसळलेली. आम्ही सावलीत सवयीने निळा घालतो. आजींच्या गळ्याखालची सावली मात्र तांबूस होती, म्हणून मी बर्न्ट सिएना हा तांबूस-तपकिरी रंग पातळ करून लावला आणि निळ्याला हात लावला नाही. समुद्राच्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, आणि जलरंगात चेहरा काढणाऱ्याला ते वरदानच आहे. गालाची कड ओलीतच दुसऱ्या रंगात मिसळता येते, डोळ्याखालची सुरकुती रेघ न होता सावली म्हणून राहते. घाटावर उन्हाळ्यात ब्रश उचलेपर्यंत रंग सुकून कड पडते.

आजी बोलत होत्या, मी काढत होते. मुंबईच्या गिरणीत गेलेला नवरा, गणपतीला येणारी मुलं, कुठल्या पावसात कुठला माड पडला. बसणारा बोलत असला की तोंड हलतं, म्हणून बरेच जण त्याला गप्प बसवतात. मी कधीच बसवत नाही. बोलताना माणूस ज्या चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा परत येतो, तोच त्याचा चेहरा. आजी प्रत्येक वाक्याच्या शेवटी खालचा ओठ किंचित आत घ्यायच्या. दात नसल्यामुळे असेल, पण मला तो त्यांचा पूर्णविराम वाटला आणि चित्रात तोच ठेवला.

रंगवण्याआधीचं पेन्सिलीचं चित्र त्यांना दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यां माझां तोंड नाय गो बाय. माझ्या आवशीचां!" सुनेला हाक मारून दाखवलं, शेजारणीला बोलावलं. असं मी पूर्वीही अनुभवलंय. पेन्सिलीच्या चित्रात कातडीचा रंग नसतो, लुगडं नसतं, कुंकवाचा लाल नसतो. उरतात कवटी, गालफडं, जबडा. वय झालं की मांस उतरतं आणि हाडं वर येतात, आणि घराण्याचं साम्य राहतं ते हाडांतच. आरशात रोज स्वतःला बघणाऱ्याला ते दिसत नाही, कागदावर दिसतं. आजींच्या आईचा एकही फोटो घरात नव्हता. ते चित्र मी अर्थातच तिथे ठेवून आले, आणि रंगीत चित्र दुसऱ्या कागदावर केलं.

त्याच भागात एका गावच्या जत्रेत दशावतार बघायला मिळाला. नाटक मध्यरात्रीनंतर रंगलं, पण मला त्याआधीचा वेळ जास्त हवा होता. देवळामागच्या खोलीत नट जमिनीवर मांडी घालून, पेटाऱ्याला आरसा टेकवून स्वतःच आपापली रंगभूषा करतात. स्त्रीभूमिका करणाऱ्या एका नटाने बसू दिलं. बल्ब पेटाऱ्याशेजारी खाली ठेवलेला. पुन्हा उजेड खालून! तो स्वतःचा चेहरा रंगवत होता आणि मी त्याचा काढत होते. हनुवटीची चौकट मोडायला त्याने जबड्याच्या कडेला गडद रंग चढवला, गालावर फिका. एक भुवई जन्मापासून वर चढलेली, म्हणून दुसरी तो रंगाने तेवढीच उचलत होता. चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात हे मी वर्गात फळ्यावर सांगते. त्याला ते स्वतःच्या बोटांनी माहीत होतं. मला वाटतं, चेहऱ्याची रचना त्या खोलीतल्या माणसांइतकी फार थोड्या चित्रकारांना कळत असेल.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि चामड्याच्या बाहुल्या बघितल्या. रामायण-महाभारतातली ही पात्रं बहुधा एका बाजूने काढलेली, डोळा मात्र मोठा आणि पूर्ण. तिथे चेहरा एका माणसाचा नसतो, पात्राचा असतो. सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा रंगवतात. दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते, आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे चेहरे. तिथल्या कलाकाराचा श्वास रोखून चाललेला ब्रश बघत उभी राहिले.

पण सावंतवाडीला मी खरी गेले होते चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकरांसाठी. १८८२ साली ते याच गावात जन्मले. पुढे मुंबईत १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली आणि पिढ्या घडवल्या. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं जलरंगचित्र अनेकांना माहीत असतं, पण नाव ते राजा रविवर्म्याचं घेतात. याचं मला फार वाईट वाटतं. चित्रासाठी बसली होती हळदणकरांची मुलगी गीता. एका हातात समई, दुसऱ्या हाताने ज्योत झाकलेली, बोटांतून पाझरणारा लालसर प्रकाश, आणि सगळा चेहरा खालून उजळलेला. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे मोकळा ठेवलेला कागद. चुकून रंग गेला तर तो उजेड परत आणता येत नाही. कुठे रंग लावायचा नाही हे आधी ठरवून मग त्यांनी तो चेहरा काढला असणार.

मोती तलावाच्या काठावर बसून मी त्या चित्राचा विचार करत होते. हळदणकरांनी तो उजेड समईमुळे काढला हे उघड आहे. तरी ज्या गावात लहानपणी पडवीत, खळ्यावर, देवळाच्या ओवरीत दिसणारे चेहरे असे खालून उजळलेले असतात, तिथल्या मुलाच्या डोळ्यांना तो उजेड आधीच ओळखीचा असेल, असं मला वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही, पण हा किनारा चालून आल्यावर दुसरं काही वाटत नाही.

जानेवारीत शाळा उघडली की आठवीच्या वर्गाला पूर्वेकडच्या व्हरांड्यात बसवणार आहे. जमिनीवर पांढरी चादर अंथरायची, सकाळचं ऊन त्यावर पडू द्यायचं, मुलांनी जोडीजोडीने समोरासमोर बसायचं. रबर नाही, मोबाइल नाही. पहिली बैठक वीस मिनिटांची, आणि बसणाऱ्याला बोलायची पूर्ण मोकळीक.